कडक विज्ञानकथा आणि आवडते विज्ञानलेखक : सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या ओसरीवर वाचनाचा कट्टा भरतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पुस्तकांची दोन कपाटं सगळ्यांसाठी उघडी ठेवली आणि मुलं यायला लागली. आता मुलांबरोबर त्यांचे आईबाबाही बसतात. प्रश्न बरेचसे तेच तेच असतात : कुणाला वाचू, सुरुवात कुठून करू, यातलं खरं किती आणि कल्पना किती. उत्तरं एकदा नीट लिहून काढली तर नव्याने येणाऱ्यांना सोयीचं होईल, म्हणून हे पान. यातली आवडनिवड माझी आहे, आणि ती मी लपवलेली नाही.

‘कडक विज्ञानकथा’ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत जिला हार्ड सायन्स फिक्शन म्हणतात, तीच. कट्ट्यावरच्या एका मुलीने आपल्याकडच्या कडक भाकरीवरून तिला हे नाव दिलं आणि ते टिकलं.

विज्ञानाचा नियम हा जिचा कणा असतो, ती कडक विज्ञानकथा. तो नियम काढून घेतला तर कथा उभीच राहत नाही. नुसती यानं, यंत्रमानव आणि परग्रहावरची माणसं आणून ते साधत नाही. लेखकाला एखादी गोष्ट गृहीत धरायची मुभा असते, पण एकदा धरली की पुढचं सगळं माहीत असलेल्या नियमांना धरूनच घडलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आर्थर सी. क्लार्क यांच्या १९७३च्या ‘राँदेव्हू विथ रामा’ या कादंबरीत एक प्रचंड पोकळ नळकांडं सूर्यमालेत शिरतं. लांबी ५० किलोमीटर, आतली त्रिज्या सुमारे ८ किलोमीटर, आणि दर ४ मिनिटांनी ते स्वतःभोवती एक फेरी घेतं. आत उतरलेली माणसं या फिरण्यामुळेच भिंतीवर पाय रोवून चालू शकतात. आता पेन्सिल घ्या. ८ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ झाला सुमारे ५० किलोमीटर. तो २४० सेकंदांत कापायचा म्हणजे सेकंदाला साधारण २०९ मीटर वेग. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की तिथल्या ‘गुरुत्वा’चा आकडा येतो साडेपाचच्या आसपास. आपल्या पृथ्वीवर हा आकडा ९.८ आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला तिथे आपण ३४ किलोचे झालो असं वाटेल. कादंबरीतली माणसं जशी हलकी हलकी चालतात, ती तशी का चालतात हे वहीत उतरतं.

अकरावीच्या वर्गात मी हा हिशेब फळ्यावर करायचे. वर्तुळाकार गतीच्या धड्यावर एरवी जांभया देणारी मुलं त्या दिवशी तास संपल्यावरही बाकावर बसून राहायची. मला आवडणारा लेखक तो हाच : जो आपल्याला हिशेब तपासू देतो.

मग पुराणातली विमानं, अस्त्रं ही विज्ञानकथा म्हणायची का?

नाही. ती कल्पना भव्य आहे आणि मला प्रिय आहे, पण तिथे यंत्र कसं चालतं हा प्रश्नच कथेपुढे नसतो. तो विचारला नाही म्हणून तिचं मोल कमी होत नाही. फक्त घराणं वेगळं आहे.

मराठीत सुरुवात कुणापासून करू?

डॉ. जयंत नारळीकर. याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

कोल्हापुरात १९३८ साली जन्म, वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, पुढे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावरचं संशोधन, १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणं आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची उभारणी. एवढा माणूस मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवतो, आणि तीही टोपणनावाने : नारायण विनायक जगताप. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, म्हणजे नाव पाहून कुणी भुलायला नको. कथेला बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. आपल्या साहित्यात विज्ञानकथेला पंगतीत पाट मिळाला तो तिथून.

‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आधी घ्या. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मी कट्ट्यावर कशी वाचते ते सांगते. कथेत एका गोष्टीची आरशातल्या प्रतिमेसारखी अदलाबदल होते : डावं ते उजवं, उजवं ते डावं. मुलांना हे अशक्य वाटतं. मग मी पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घेते, तिला अर्धा पीळ देते आणि टोकं चिकटवते. ही मोबियसची पट्टी. त्यावर स्केचपेनने उजव्या हाताचा छोटा पंजा काढायचा आणि तोच पंजा थोडा पुढे, आणखी थोडा पुढे, असा पट्टीभर काढत जायचा. एक वेढा पूर्ण झाला की मूळ जागी पोचलेला पंजा डाव्या हाताचा दिसतो. कुठेही उचलला नाही, उलटवला नाही. फक्त ज्या जागेतून तो फिरला, त्या जागेलाच पीळ होता. त्यानंतर कथा वाचली की मुलं एक शब्द बोलत नाहीत.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही दुसरी. १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या प्रश्नाला नारळीकर पुंजयांत्रिकीतून, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समधून, भिडतात : एका क्षणी दोन शक्यता असतात आणि एकाऐवजी दुसरी घडते. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. मराठी मूळ वाचून मग ते वाचा. पंतांचं मराठी बोलणं मराठीतच खुलतं.

विज्ञानलेखनात त्यांचं ‘आकाशाशी जडले नाते’ आणि आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’, ज्याला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या रविवारी आम्ही कट्ट्यावर काहीच चर्चा केली नाही, ‘कृष्णविवर’ मोठ्याने वाचली आणि उठलो.

नारळीकरांनंतर कोण?

लक्ष्मण लोंढे. त्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा इंग्रजीत जाऊन जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जगभरच्या विज्ञानकथांच्या संग्रहात पोचली. लोंढ्यांकडे शास्त्रज्ञ हा घरातला, हाडामांसाचा माणूस असतो. मला ते नारळीकरांपेक्षा कथाकार म्हणून सरस वाटतात, विज्ञानाच्या घट्टपणात थोडे सैल. दोघांना पाठोपाठ वाचा म्हणजे हा फरक जाणवेल.

डॉ. बाळ फोंडके यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलं, नंतर विज्ञान नियतकालिकांचं संपादन केलं. १९९३ साली ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा संग्रह त्यांनी संपादित केला. तमिळ, बंगाली, कन्नड लेखक काय लिहितात हे मला पहिल्यांदा त्यातून कळलं. सुबोध जावडेकर रसायन अभियंते. त्यांच्या कथांइतकंच ‘मेंदूच्या मनात’ हे पुस्तकही हातात धरा. निरंजन घाटे मूळचे भूविज्ञानाचे, आणि त्यांनी इतकं लिहिलंय की वाचनालयात विज्ञानाचं कपाट उघडलं की पहिलं नाव त्यांचंच दिसतं. शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’, बेळगावच्या डॉ. माधुरी शानभाग, आणि हल्लीच्यांत मेघश्री दळवी, यांच्या कथा मुली जास्त मागतात असा माझा अनुभव आहे.

बायकांनी विज्ञानकथा अलीकडेच लिहायला घेतली का?

उलट. रुकय्या सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका नियतकालिकात आली. तिच्यात स्त्रिया राज्य चालवतात, ढगांतून पाणी काढून घेतात आणि सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात. आज आपल्या गच्च्यागच्च्यांवर सोलर बसलंय. कथेला सव्वाशे वर्षं होत आली.

सोलापूरचा आणि या सगळ्याचा काय संबंध?

हा प्रश्न बाहेरगावचे लोक विचारतात. उत्तर लांब आहे, बसा.

काही वर्षांपूर्वी आम्ही कट्ट्यावर एदा लवलेस या इंग्रज गणितज्ञ बाईबद्दल वाचत होतो. १८४३ साली तिने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर विस्तृत टिपा लिहिल्या. बॅबेजने यंत्राला आज्ञा देण्यासाठी छिद्रं पाडलेली कार्डं वापरायचं ठरवलं होतं, आणि ही युक्ती घेतली होती फ्रान्सच्या जेकार्डच्या मागावरून. एदाने लिहिलं की जेकार्डचा माग जशी फुलं आणि पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणेल. एवढं वाचून झालं आणि कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही कार्डं आमच्या घरी आहेत.”

पुढच्या रविवारी ती घेऊन आली. तिचे वडील पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात. जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, दोऱ्याने एकमेकींना शिवलेल्या, कडा तेलाने काळ्या पडलेल्या. तिने पट्टी उजेडात धरून समजावलं : जिथे छिद्र आहे तिथे सुई आत जाते आणि तो ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, जिथे छिद्र नाही तिथे सुई अडते आणि धागा खाली राहतो. एक पट्टी म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. मोराचा पिसारा म्हणजे अशा शेकडो पट्ट्या. आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. संगणकाचा इतिहास मी वर्षानुवर्षं पुस्तकातून शिकवला आणि तो माझ्या पलंगावरच्या चादरीत विणलेला होता, हे मला नववीतल्या मुलीने दाखवलं.

आता लेखकांकडे येते. अच्युत गोडबोले आपले सोलापूरचे. इथलं लहानपण त्यांनी ‘मुसाफिर’मध्ये लिहिलंय. ‘किमयागार’मध्ये शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगत त्यांनी विज्ञानाचा इतिहास मांडला. दहावी झालेल्या मुलाला सुट्टीत एकच पुस्तक द्यायचं असेल तर मी हे देते. त्यांची काही पुस्तकं फार पसरट होतात, पण ज्याला कुणी हे विषय सोपे करून सांगितलेच नाहीत त्याला तो ऐसपैसपणाच हवा असतो.

आणि मारुती चितमपल्ली. १९३२ साली सोलापुरात जन्मले, वनाधिकारी म्हणून नवेगाव, नागझिऱ्याच्या रानात आयुष्य काढलं, २००६ साली सोलापूरला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले. विज्ञानकथेच्या यादीत ते कसे, असं मला विचारतात. पण निरीक्षण कसं नोंदवावं हे मराठीत त्यांच्याइतकं कुणी शिकवलेलं नाही. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटलं. शब्द मिळाला की ती गोष्ट दिसायला लागते. एक सांगते : स्वतः पाहिलेलं आणि आदिवासींकडून ऐकलेलं ते शेजारी शेजारी ठेवतात. वाचताना कुठलं कोणतं आहे त्यावर पेन्सिलने खूण करत चला. नंतर पहाटे नान्नजच्या माळावर जा. माळढोक दिसेलच असं नाही, तो आता फार विरळ झालाय. पण काळवीट दिसतील, माळावर धावणारा धाविक पक्षी दिसेल, आणि गवताकडे बघायची नजर बदललेली असेल.

मुलगा सहावीत आहे. त्याला काय देऊ?

भा. रा. भागवत. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत अशा आणल्या की त्या परक्या वाटतच नाहीत. वाचून झाल्यावर मुलाबरोबर एक गंमत करा. व्हर्नने १८६५ साली फ्लॉरिडातून तिघांना चंद्राकडे पाठवलं, आणि एकशेचार वर्षांनी अपोलो ११ फ्लॉरिडातूनच तिघांना घेऊन निघालं. पण व्हर्नने ते तोफेतून उडवले. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे साधारण २७५ मीटर. एवढ्याशा अंतरात शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा तर शरीरावर वजनाच्या सुमारे २२ हजार पट जोर येतो. ३० किलोच्या मुलावर ६६० टन. अग्निबाण का लागतो, याचं उत्तर या आकड्यात आहे : वेग हळूहळू वाढवावा लागतो.

इंग्रजी बेताचं आहे. परदेशी लेखक कुठून सुरू करू?

आयझॅक असिमॉव्हपासून. जीवरसायनाचे प्राध्यापक, पाचशेच्या आसपास पुस्तकं, आणि वाक्य इतकं साधं की शब्दकोश बाजूला ठेवता येतो. त्यांच्या यंत्रमानवांच्या कथा म्हणजे तर्काची कोडी आहेत : तीन नियम ठरलेले, आणि प्रत्येक कथेत ते नियम एकमेकांत अडकतात. त्यानंतर क्लार्क. त्यानंतर जॉर्ज गॅमॉव्ह आणि रशियाचे याकोव पेरेलमन, हे दोघे शुद्ध विज्ञानलेखनातले. पेरेलमन यांचं ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ मीर प्रकाशनाच्या जुन्या, स्वस्त, जाड कागदाच्या प्रतीत मी पंचवीस वेळा तरी वाचलं असेल. हा माणूस १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला. त्याच्या पुस्तकातला आनंद मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो.

कथेतून खरं विज्ञान कधी निघालं आहे का?

दोन गोष्टी सांगते.

कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी लिहीत होते. नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे झटकन पाठवायचं होतं आणि त्यांनी आधी कृष्णविवराचा रस्ता योजला होता. खात्री करायला हस्तलिखित भौतिकशास्त्रज्ञ मित्राकडे, किप थॉर्न यांच्याकडे दिलं. थॉर्न म्हणाले, कृष्णविवरातून माणूस जिवंत जाणार नाही, कृमिविवर वापर, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा. पण तेही उघडं राहील का, याचा हिशेब करता करता थॉर्न त्यात गुंतले, आणि १९८८ साली मायकेल मॉरिस या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. तो सापेक्षता शिकवायला उपयोगी पडावा अशा बेताने लिहिलेला होता. कादंबरीकाराने बरोबर लिहायचा हट्ट धरला, आणि त्या हट्टातून संशोधनाचा नवा धागा निघाला.

दुसरी क्लार्क यांची. ही कथा नव्हे, १९४५च्या ऑक्टोबरमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातला लेख. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसेल, आणि असे तीन उपग्रह ठेवले तर साऱ्या जगाला संदेश पाठवता येतील. १९७५-७६ साली भारताने असाच अमेरिकन उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. आपलं शेजारचं कर्नाटक त्यात होतं. गच्चीवरची डिशची थाळी एकाच दिशेला तोंड करून का बसवतात, हे मुलांना विचारा आणि मग हा लेख कुणाचा ते सांगा.

लेखकाची चूक सापडली तर पुस्तक बाद करायचं का?

मुळीच नाही. चूक सापडली म्हणजे तुम्ही नीट वाचलंत.

लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ १९७० साली आली. दूरच्या एका ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढं एक प्रचंड कडं, आतल्या बाजूला माणसं राहतात. पहिल्या आवृत्तीत नायक आपला वाढदिवस लांबवायला पूर्वेकडे निघतो. सूर्य मावळण्याआधी पुढे पळायचं तर पश्चिमेकडे जायला हवं! पुढच्या छपाईत ते दुरुस्त झालं. पण खरा घोटाळा मोठा होता. असं कडं ताऱ्याभोवती स्थिर राहत नाही, जरा सरकलं की सरकतच जातं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एका संमेलनाच्या आवारात तशा घोषणा दिल्या. निव्हन यांनी काय केलं? दहा वर्षांनी दुसरी कादंबरी लिहिली आणि कडं जागेवर ठेवायला त्याच्या कडेने इंजिनं बसवली. वाचकाचं म्हणणं मान्य करून त्यातून नवी गोष्ट रचली.

अँडी वेअर यांची ‘द मार्शियन’ बहुतेकांनी सिनेमा म्हणून पाहिलीय. सुरुवातीला मंगळावर ताशी १७५ किलोमीटरचं वादळ येतं आणि यान कलंडायला लागतं. मंगळावरची हवा मात्र आपल्या हवेच्या साठाव्या हिश्शाएवढी विरळ. वाऱ्याचा दाब हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो, म्हणून तिथलं ते वादळ आपल्याकडच्या ताशी बावीस-तेवीस किलोमीटरच्या झुळुकीएवढंच ढकलेल. हे वेअर यांना माहीत होतं. निसर्गानेच नायकाला संकटात टाकावं म्हणून ही सूट घेतली, असं त्यांनी उघड सांगितलंय. बटाटे, पाणी, प्राणवायू यांचे हिशेब मात्र त्यांनी चोख ठेवलेत. ती कादंबरी आधी प्रकरणाप्रकरणाने संकेतस्थळावर आली आणि वाचक चुका कळवत गेले, तशी घडत गेली. जाणून घेतलेली सूट आणि नकळत झालेली चूक, दोन्हींकडे मी वेगवेगळ्या नजरेने पाहते. तिसरा प्रकार म्हणजे बेपर्वाई. ती पानोपानी दिसली तर पुस्तक मिटते.

सोलापूरच्या उन्हाशी नातं सांगणारी एखादी कादंबरी आहे का?

आहे, आणि ती वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. किम स्टॅनली रॉबिन्सन यांची २०२०ची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’. पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचं आहे. लहान मुलांना देऊ नका.

त्या प्रकरणाचा कणा आहे ओल्या फडक्याचं तापमान. साध्या तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि वारा घाला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. आपला माठ हेच करतो. आपला घामही. आता हवेतच इतका दमटपणा असला की पाणी उडेनासं झालं, तर? ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं की धडधाकट माणूस सावलीत, पंख्याखाली बसूनही काही तासांत दगावू शकतो. अलीकडच्या प्रयोगांत तर दमट हवेत तरुण माणसांची मर्यादाही ३१च्या आसपास दिसली.

मे महिन्यात आम्ही ओसरीवर दोन तापमापक टांगले होते. दुपारी अडीचला कोरडा ४२, ओला २३. आपलं ऊन भाजून काढतं, पण कोरडं आहे म्हणून माठ गार होतो आणि घाम कामाला येतो. मग मी मुलांना दुसरा हिशेब दिला : तापमान ३८, आर्द्रता ६० टक्के. ऐकायला ४२पेक्षा बरं. ओल्या फडक्याचा आकडा मात्र ३१वर जातो. कारखान्यात मागाच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, हे चादरवाल्या मुलीनेच सांगितलं. तिच्या वडिलांसाठी त्या दिवशी तिने तो तापमापक मागून नेला.

अनुवाद वाचावेत का?

जरूर, पण आकडे तपासत. मी एकदा खगोलशास्त्राचं एक अनुवादित पुस्तक हौसेने घेतलं. त्यात मिलियनला सरसकट लाख केलं होतं. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. डायनोसॉर नष्ट होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, त्या पुस्तकात ती ६५ लाख झाली होती. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, तिथे तो काळ झाला होता. मी सगळ्या दुरुस्त्या समासात केल्या आणि ती प्रत कपाटात ठेवलीय. आठवीची मुलं तिच्यातल्या उरलेल्या चुका शोधतात.

परिभाषेला घाबरू नका. वस्तुमान, जडत्व, गुरुत्वाकर्षण, कृष्णविवर हे शब्द रुळलेत. अडलं तर मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे.

गणित कच्चं आहे. जमेल का?

गुणाकार, भागाकार आणि वर्ग करता आला की या पानावरचे बहुतेक हिशेब होतात. बाकीचे मी करून देते.

हे वाचून मार्क वाढतील का?

वचन देणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या काहींचे वाढले, काहींचे होते तेवढेच राहिले. प्रश्न विचारणं मात्र सगळ्यांचंच वाढलं, आणि शाळेत त्याचं नेहमी स्वागत होतं असं नाही, हेही पालकांनी धरून चालावं.

पुस्तकं कुठे मिळतील?

हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी चौकशी करा. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि १९२८पासूनचं ‘सृष्टिज्ञान’ मासिक यांचे जुने अंक रद्दीवाल्याकडे दिसले तर सोडू नका. माझी पुस्तकं घरी नेता येतात. एका वेळी एक, आणि समासात पेन्सिलने लिहायला परवानगी आहे.

वाचून झाल्यावर पुढे काय?

सेगन यांच्या ‘कॉसमॉस’मध्ये इराटोस्थेनिसची गोष्ट आहे : दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. आम्ही ती वाचली आणि ठरवलं, करून बघू.

सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. जळगाव आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे ३७२ किलोमीटरवर. एका मुलाचा मामा तिथे असतो. त्याने त्याच्या गच्चीवर एक मीटरची सळई उभी केली, आम्ही आमच्या गच्चीवर. फरशी इतकी तापली होती की पोरं पोत्यावर उभी होती. आमची सावली सळईच्या बुडाशी गोळा होऊन नाहीशी झाली. त्याच सुमारास मामांचा फोन आला : “सहा सेंटीमीटर, उत्तरेकडे.”

शंभराला सहा म्हणजे कोन सुमारे ३.४३ अंश. ३७२ गुणिले ३६० भागिले ३.४३. उत्तर आलं ३९ हजार किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४० हजारांच्या आसपास आहे. हजार किलोमीटर कुठे गेले यावर ओसरीवर दोन रविवार वाद झाला, आणि शेवटी मामांनी फोनवर कबूल केलं की सळई नजरेच्या अंदाजाने उभी केली होती. येत्या मेमध्ये दोन्ही गच्च्यांवर ओळंबा लावायचा आहे. एका गवंड्याने द्यायचं कबूल केलंय.